भेग नव्हती

रत्नागिरीच्या विमानतळावर मी समुद्रात बचावासाठी जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या तपासणीचं काम करतो. घरात माझी थट्टा होते, की हा ताकसुद्धा फुंकून पितो आणि छताच्या पंख्याखाली बसायच्या आधी कान देऊन ऐकतो. करू देत. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसं फिरून फिरून पोलादही थकतं आणि त्याला भेग जाते. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा ज्या भागांनी फिरतो, त्यांची भेगांसाठी तपासणी सक्तीची आहे. ठरलेले तास भरले, की ती झाल्याशिवाय उडायचं नाही. मग सांगणारा कुणीही असो.

त्या सकाळी ते भाग उतरवून मी टेबलावर मांडले होते. लाल रंग लावून पुसला होता, वर पांढरी पावडर फवारली होती. भेग असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, पण त्यासाठी थांबावं लागतं. तेवढ्यात दाभोळहून ताईचा फोन आला. भावोजी बोट घेऊन खोल समुद्रात गेले होते आणि त्यांच्या छातीत कळ आली होती. मदतीचा निरोप आमच्याकडेही पोचला. पण आमच्याकडे ते एकच हेलिकॉप्टर होतं, आणि ते माझ्यासमोर उघडं पडलं होतं. दुसरं मुंबईहून निघणार होतं.

तपासणी चालू आहे, एवढं ताईला सांगून मी पुन्हा टेबलाकडे वळलो. पावडरीला घाई कळत नाही. भिंग घेऊन मी दातेरी चाकांचा एकेक दात, एकेक कड बघत राहिलो. कुठेच रेघ नव्हती. सगळं परत बसवून, चालवून बघेपर्यंत दुपार झाली. मुंबईचं हेलिकॉप्टर पोचायच्या आत भावोजी बोटीवरच गेले.

बाराव्याला दाभोळला गेलो. ताईने मला मागच्या पडवीत गाठलं आणि भेग सापडली का, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती आत निघून गेली. भेग नव्हती हे बघितल्यावरच कळलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? माझं मलाच ते पुरतं पटत नव्हतं. आजही पटत नाही.

निघताना भावोजींच्या आईच्या पाया पडलो. म्हातारीने माझा हात धरून ठेवला.

"बाबा, त्या हेलिकॉप्टरात खराबी व्हती ना?"

उभ्या नोकरीत मी नसलेली भेग कधी दाखवली नाही आणि असलेली कधी लपवली नाही. ताई दारात उभी राहून ऐकत होती.

"व्हती, आये," मी म्हणालो. "उडला असता तर पडला असता."

म्हातारीने पदराने डोळे पुसले. "मग बरा केलंस. त्यातल्या पोरांच्या आवशी तरी रडायच्या ऱ्हायल्या."

मला हुंदका आवरला नाही. ताई पुढे आली. माझ्याकडे न बघता तिने सासूला धरून उठवलं आणि म्हणाली, "भेग मोठी व्हती, आये. मना सांगितलान त्यान."