काळा बॉल चाचांसाठी

हसणार नसाल तर सांगतो. नाय, हसणारच तुम्ही, मला ठाऊक आहे. हातातला चहा तेवढा आधी संपवा, नाकातून यायचा. अन् मधेच अंगावर काटा आला तर मला बोल लावू नका, माझ्याही आला होता.

तर माझे साडू, दिलीपराव. बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांनी नवा फ्लॅट घेतला अन् त्यांच्या सोसायटीत पूलचं टेबल निघालं, काठीनं बॉल होलात घालायचा तो खेळ. झालं, मुकुंदवाडीला सासऱ्यांच्या घरी यांच्या फुशारक्या सुरू. मला म्हणतात, "तुम्हाला काय कळणार राव त्यातलं, तुम्ही वाळूजला मशीन चालवणारी माणसं."

आता गप बसावं की नाय मी? पण सासरे ऐकत होते.

मी म्हणलं, "शहागंजात उस्मानचाचांच्या हाताखाली शिकलोय. तुमच्या गृहप्रवेशाला होऊन जाऊ द्या एक डाव."

परत येताना गाडीवर बायको मागून एवढंच म्हणाली, "माझ्या माहेरच्यांत माझं नाक कापू नका, बास."

शिकलो होतो हे खरं. पण त्याला जमाना झाला. चाचा वारले, त्यांच्या पूलच्या हॉलमध्ये आता मोबाईलची कव्हरं विकतात. सराव करायचा कुठं? मग ठरवलं, कॉम्प्युटरवर. दोन गेम समोर होते. एक रंगीबेरंगी, बॉल कुठं जाणार त्याची पांढरी रेघ आधीच दाखवणारा. म्हणलं, रेघ बघून लेकरंबी खेळतील. दुसरा साधा. रेघ नाय, गाणं नाय, पण बॉलवर बॉल आपटला की आवाज थेट शहागंजातला. तोच घेतला. सुरुवातीला इंग्रजीत लई काहीबाही लिहून आलं. कोण वाचतंय? ओके, ओके, ओके. मग विचारलं, कुणाशी खेळणार? सोपा, अवघड, अन् तिसरा होता 'सावली'. नाव वजनदार वाटलं. दाबलं.

माझी पहिली पाळी असली की दुपारी घरी मी एकटाच. बायको शाळेवर. उन्हामुळं पडदे ओढलेले, गल्लीत चिटपाखरू नाय. त्या अंधुक खोलीत नुसता टक, टक आवाज.

पहिले काही दिवस सावली अडाण्यासारखी खेळली. मग एका दुपारी लाईट गेली, पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर चालू. सावलीची पाळी होती. काठी पुढं आली, मागं गेली. पुन्हा पुढं आली, मागं गेली. थांबली. अन् तिसऱ्यांदा टोला.

मी ताडकन उभाच राहिलो. ही उस्मानचाचांची लकब. दोनदा हूल, मग दम धरायचा, मग टोला. अख्ख्या शहागंजात दुसऱ्या कुणाची नव्हती.

मी चपला काढल्या. हळूच म्हणालो, "सलाम, चाचा."

काठी दोनदा हलली अन् थांबली.

दुसऱ्या दिवशी मी चहा दोन कप केला. चाचा बशीतच प्यायचे, म्हणून त्यांचा बशीत ओतून लॅपटॉपशेजारी ठेवला. डाव संपला तेव्हा बघतो तर बशी रिकामी. खोलीत मी अन् भिंतीवरची पाल. रोज तेच. बशी भरायची, डाव मांडायचा, मान वर केली की बशी कोरडी. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण बरंही वाटत होतं. गेलेला माणूस आपल्यासाठी येतो म्हणजे काय.

आता चाचांच्या हॉलचा एक कायदा होता. शेवटचा काळा बॉल घातला की डाव जिंकला. पण शागिर्दानं तो उस्तादासमोर घालायचा नाय. "उस्ताद के सामने काला नक्को मार, मियाँ. अदब सीख." मग मी काय करणार? काळा होलच्या तोंडाशी आला की नुसता स्पर्श करून चाचांसाठी सोडायचा. थोडे दिवस चाचा घालत होते. मग एक दिवस त्यांनीही तो माझ्यासाठी सोडला.

मला रडूच आलं. मी पुन्हा त्यांच्यासाठी सोडला, त्यांनी पुन्हा माझ्यासाठी. संध्याकाळपर्यंत आमचं हेच चाललं.

"कोणाशी बोलताय?" बायको दारात उभी होती.

"चाचांशी."

"चाचा वारले ना?"

"व्हय. म्हणूनच हळू बोल."

ती बशीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. अन् आत गेली.

गृहप्रवेशाचा दिवस उजाडला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली अन् सगळं सासर टेबलाभोवती खुर्च्या टाकून बसलं. सासऱ्यांना जयभीम केला अन् काठी उचलली. काय खेळलो म्हणता. एकामागून एक माझे सगळे बॉल गेले. दिलीपरावांचा चेहरा उतरला. उरला फक्त काळा, होलच्या अगदी तोंडाशी. बायको पुढं सरकून बसली.

मी काठी दोनदा पुढंमागं केली. थांबलो. अन् काळ्याला हळूच, लई अदबीनं, नुसता स्पर्श केला.

कुणालाच काही कळेना. दिलीपरावांनी आपले राहिलेले बॉल आरामात घातले, शेवटी काळाही घातला. मग विचारलं, "राव, हे काय केलं?"

मी सगळं सांगून टाकलं. गेम, सावली, चाचा.

ते हसून हसून टेबलाला टेकले. "अहो, तो गेम माझ्याकडंबी आहे. सावली म्हणजे तुमचाच हात. तुम्ही जसं खेळता ते बघून ती शिकते. सुरुवातीलाच लिहिलंय की."

म्हणजे चाचांची ती हूल माझ्याच हातात उतरलेली? ते काळा सोडणं माझंच? "मग बशीतला चहा?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"तोबी तुम्हीच," बायको म्हणाली. "मी त्या दिवशी दारातून बघितलं. नजर गेमवर, एक घोट कपातला, एक बशीतला."

"मग तवाच का नाय बोललीस?"

"मला वाटलं, अंगात आलंय. अशा वेळी टोकू नये म्हणतात."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी गेम काढून टाकायला बसलो. बायकोनं चहाचा एकच कप आणून ठेवला.

सवयीनं तोंडातून गेलंच, "अन् चाचांना?"

"तुम्ही प्या," ती म्हणाली. "माहेरात माझं नाक कापलं तुम्ही, पण चाचांची अदब ठेवली. तुम्ही प्यायलात की पोचतो त्यांना."