आक्का म्हणाली, वाळलं

माझ्या दाजींना सगळी गल्ली ‘उद्या’ म्हणायची. तोंडावर नाही हं, पाठीमागे. दाजी म्हणजे माझ्या आक्काचा नवरा. सुतारकाम करायचे, दारं, खिडक्या, टेबलं, पाळणे. झालं का हो आमचं काम, असं कुणी विचारायला आलं की यांचं उत्तर ठरलेलं, उद्या. आणि तो उद्या काही उजाडायचा नाही. आळशी होते म्हणून नव्हे. वार्निश पुरतं वाळल्याशिवाय वस्तू दाराबाहेर काढायची नाही, हा त्यांचा हट्ट. एक मास्तर कपाटासाठी चकरा मारून मारून कंटाळले. म्हणाले, अहो, माझं लग्न ठरलं तेव्हा सांगितलेलं कपाट, आता मुलगा झाला, निदान त्याच्या लग्नाला तरी द्या. दाजींनी विचारलं, मुलगा रांगतो का? मास्तर म्हणाले, अजून नाही. मग होईल तोवर, म्हणाले दाजी, आणि परत रंधा मारायला लागले.

आता गंमत बघ. वार्निश वाळलं का नाही हे त्यांना स्वतःला कळायचंच नाही. बोटांना असे घट्टे, की विस्तव उचलला असता तरी पत्ता लागला नसता. मग आतल्या खोलीत हाक जायची, अगं, हात लाव जरा. आक्का तिथे लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. इस्त्री बाजूला उभी करून यायची, बोट उलटं करायची, आणि नखाजवळची मऊ कातडी लाकडाला अलगद टेकवायची. वाळलं, म्हणायची. नाहीतर म्हणायची, अजून ओढ घेतंय, जा, चहा प्या. ती म्हणाली वाळलं की वाळलंच. मगच दाजी वार्निशाचा पुढचा हात मारणार. जन्मभर त्यांच्या धंद्यात शेवटचा शब्द तिचा असायचा, आणि तो कधी खोटा ठरला नाही.

तिच्या इस्त्रीच्या टेबलासमोर खिडकी होती आणि खिडकीतून तळं दिसायचं. मोठं तळं, पलीकडचा काठ धूसर. सगळा जन्म त्या खिडकीशी गेला, पण पाण्यावर कधी गेली नाही बाई. एकदा जेवताना म्हणाली, तळ्याच्या मधोमध जाऊन आपलं घर तिथून कसं दिसतं ते बघायचंय मला. इकडून तिकडे बघून डोळे दुखले. दाजी मान खाली घालून जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी लाकूड आणलं.

होडी दोघांपुरतीच. लांब, निमुळती, वाटाण्याच्या शेंगेसारखी. पातळ पट्टीला पट्टी चिकटवायची, चिमट्यात आवळायची आणि वाळत ठेवून द्यायची. गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेल्या वेळात हे चालायचं. मी चिडवायचे, दाजी, आक्काला काठी टेकत बसवणार का हो होडीत? ते म्हणायचे, उद्या.

आणि मग आक्काला धाप लागायला लागली. पाय सुजले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिचं काळीज मोठं झालंय. दाजी म्हणाले, ते मला लग्नापासून माहीत आहे, पुढचं सांगा. पुढचं डॉक्टरांनी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं. आत आले तेव्हा चेहरा असा, की मला विचारायची गरजच पडली नाही. आक्कालाही पडली नाही.

तेव्हा होडी पुरी झाली होती, फक्त वार्निश राहिलं होतं. मी तिकडेच राहायला गेले होते, तिचं करायला. दाजी पॉलिश पेपर घासायचे, फडक्याने धूळ पुसायचे, एक हात मारायचे. मग आम्ही दोघं आक्काला खुर्चीसकट उचलून पडवीत न्यायचो. हवा दमट होती, कपडेसुद्धा वाळत नव्हते. आक्का खुर्चीतून वाकली, बोट उलटं करून टेकवलं, आणि म्हणाली, वाळलं, मारा पुढचा. दाजींनी मारला. परत नेलं, परत म्हणाली, वाळलं. मला वाटलं, चला, यांचा उद्या एकदाचा आला.

शेवटचा हात मारून झाल्यावर ऊन पडलं. दाजींनी होडी उन्हात काढली. जरा वेळाने बघतात तर दुधावर साय धरावी तसं वार्निश सुरकुतलेलं. टोकापासून टोकापर्यंत. खाली सगळं ओलं, वर पापुद्रा. त्यांनी अंगठा दाबला, तो रुतला. तसाच चिकट अंगठा घेऊन आत आले आणि पलंगाजवळ उभे राहिले.

“तू वाळलं म्हणालीस.”

आक्का भिंतीकडे बघत होती. म्हणाली, “मला घाई होती.”

मी हातातलं पातेलं खाली ठेवायचं विसरले.

मग दाजी म्हणाले, “मला सांगायचंस ना. तशीच कोरी घातली असती पाण्यात.”

“तुम्ही?” म्हणाली. “आणि वार्निशाशिवाय?” आणि हसली की गं. त्या हसण्याने धाप लागली, मी पाठ चोळत बसले.

दाजींनी तसलीच चिकट होडी न्यायची ठरवलं. हातगाडी मागून आणली, होडीत आक्कासाठी गादी घातली. पण सकाळी आक्काला उठून बसवेना. उशीवरून मान उचलेना. डोळ्यांनीच नको म्हणाली. तळं खिडकीबाहेर, एवढ्या अंतरावर, आणि नाही नेता आलं. तो दिवस गेला, आणि दुसऱ्या पहाटे ती गेली.

पुढे कितीतरी दिवस पडवीतून खरवडायचा आवाज यायचा. दाजींनी वार्निश पार काढून टाकलं, लाकूड उघडं केलं. मला वाटलं, आता परत नीट लावतील. म्हटलं, दाजी, मी लावते हात, मला कळेल वाळलेलं. ते नको म्हणाले. कोरीच होडी पाण्यात घातली. ज्या माणसाने साधा पाट कधी कोरा दिला नाही, त्याने.

दोघांची होडी, एकटा माणूस मागे बसला की तिचं नाक वर उचलतं. वारा आला की गर्रकन फिरते. पोरं काठावरून हसायची. तळ्यावरचा एक कोळी समजावून थकला, पुढे एक दगड ठेवा, सरळ चालेल. दाजींनी तिथे दगड ठेवला नाही, स्वतःची पिशवीसुद्धा ठेवली नाही. फिरत, भरकटत, वल्हं मारत जायचे मधोमध.

लाकूड पाणी पीत गेलं, काळं पडलं, सांधे उकलले. त्यांनी हात लावला नाही. होडी अगदीच बुडायला आली तेव्हा मी एकदा धीर करून विचारलं, दाजी, तिथून घर दिसतं तरी कसं?

म्हणाले, “मी नाही बघितलं. ते तिचं बघायचं होतं.”