मखमली किड्याचा कप्पा

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी प्राणिशास्त्राच्या बरण्या पुसून लावायचं काम जाधवमामांचं. गांडूळ आणि जळवा डावीकडच्या कपाटात, विंचू, झुरळं, खेकडे उजवीकडच्या. काल ते एक बरणी घेऊन मधेच उभे होते.

"मॅडम, हा मखमली किडा यंदा कुठे? गेल्या वर्षी डावीकडे होता, त्याआधी उजवीकडे."

बरणीत बोटाएवढा मऊ प्राणी. अंग गांडुळासारखं, पण खाली आखूड पायांची रांग आणि प्रत्येक पायाला नखं. वर्गात मी वर्षानुवर्षं त्याला गांडूळ आणि कीटक यांच्यातला दुवा म्हणत आले. मुलं पेपरात तेच लिहायची आणि मी पूर्ण मार्क द्यायचे. खरं तर पुस्तकात त्याचा संघ वेगळा दिलेला आहे. पण आपल्याला माणसाचीही ओळख अशीच करून द्यायची सवय असते, नाक आईचं, उंची आत्याची. हा किडा गांडूळपण सोडून झुरळ व्हायला कधी निघालाच नव्हता. ओल्या पालापाचोळ्यात चिकट धार मारून शिकार धरत तो आपला आपण जगत आलाय.

मी दाराजवळच्या फडताळाचा वरचा कप्पा रिकामा करायला सांगितला. मामांनी बरणी आत ठेवली आणि मागे सरून पाहिलं.

"एकट्याला अख्खा कप्पा, मॅडम?"

"त्याचाच होता तो, मामा. आपण त्यात खडूचे डबे ठेवत होतो."