दोन बादल्या नळाचं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरी समोर बसल्यासारखे ऐकताय. एका गाडीची चमक आणि एका बाईचं नाव, दोन्ही एकदा माझ्या हातात होतं. त्यातलं मी काय राखलं, ते सांगायचंय. पण सुरुवात गाडीपासून करू द्या. गाडीचं बोलायला लागलो की मला अजूनही हुरूप येतो — त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तर गाडी काळी आहे. काळी घेऊ नको, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं. आपल्या संभाजीनगरात धूळ काय कमी आहे? उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी पुसलेल्या गाडीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. त्यात मी वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल तपासणारा माणूस. दिवसभर पांढऱ्या दिव्याखाली पत्र्यावरचे ओरखडे शोधायचे, लाल खडूनं गोल काढायचा आणि माल परत पाठवायचा, हे माझं काम. अशा माणसानं काळी गाडी घ्यावी? घेतली! आणि पहिल्या रविवारी सकाळी सहाला बाह्या दुमडून फाटकासमोर उभा राहिलो, तेव्हा पोटात जी गुदगुली झाली ती लग्नाच्या दिवशीही झाली नव्हती. हे वर्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, कळता कामा नये.

तुम्ही कधी गाडी नीट धुतलीय? नीट म्हणतोय मी. फडकं बादलीत बुचकळलं आणि गरागरा फिरवलं, याला धुणं म्हणत नाहीत. आधी नुसत्या पाण्यानं धूळ सोडवून घ्यायची. मग दोन बादल्या — एकीत शाम्पूचा फेस, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. वरून खाली यायचं, हात सरळ रेषेत, गोल नाही — गोल फिरवलंत की उन्हात बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. चाकांचं फडकं वेगळं. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, कितीही झटका. मग मऊ, जाड फडक्यानं टिपायचं — पुसायचं नाही, टिपायचं! आणि महिन्यातून एकदा वॅक्स. बोटभर घ्यायचं, पातळ पसरायचं, धुरकट होईपर्यंत थांबायचं, आणि मग कोरड्या फडक्यानं हलकेच उचलायचं. त्या धुरकटपणाखालून काळा रंग वर येतो ना — अहो, काय खोल! आत हात घालावासा वाटतो. मी एकदा खरंच हात लावला होता आणि मग बोटांचे ठसे पुसत बसलो होतो.

आणि याच काळ्यावर पांढरे ठिपके पडायला लागले.

बोअरच्या पाण्याचे. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. गाडी वाळली की जिथं थेंब राहिला तिथं क्षाराचा गोल, आणि तो उन्हानं भाजला की रंगात उतरून बसतो. मी व्हिनेगर लावून पाहिलं, वॅक्सचे दोन-दोन थर दिले. ठिपके हटेनात. कारखान्यात दुसऱ्यांच्या मालावर लाल गोल काढणारा मी, आणि माझ्याच दारात पांढरे गोल! इलाज एकच होता — शेवटचं पाणी गोडं हवं. फार नाही, दोन बादल्या. पण नळाच्या.

आता आमच्याकडं नळ म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, आणि आला की गल्लीत धावपळ उडते. वर्षा आधी हंडे-कळशा भरते, उरलेलं हौदात सोडते, आणि हौदात ते बोअरच्या पाण्यात मिसळतं. गाडी आली त्याच आठवड्यात तिनं बजावलं होतं की नळाचा एक थेंब गाडीवर दिसला तर या दारात एकतर गाडी राहील, नाहीतर ती. तिचं बरोबरच होतं.

शेजारी मुळे काकू राहतात. सत्तरीच्या, एकट्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आमची घरं भिंतीला भिंत लावून, आणि मागं दोघांत मिळून एक अरुंद बोळ. त्या बोळात काकूंचा निळा ड्रम असतो, झाकणावर वीट ठेवलेला. त्यात फक्त नळाचं पाणी — प्यायला आणि देवाला. पुढं काय झालं, ते आता मी सांगायला हवं का?

हो, काढलं मी. रविवारी सकाळी, काकू उठायच्या आत. वीट बाजूला ठेवली, झाकण उचललं, बादली बुडवली — एक, दोन — आणि वीट जशी होती तशी परत. वय वर्षं बेचाळीस, घरात दोन पोरं, आणि हा माणूस शेजारणीचं प्यायचं पाणी चोरतोय! भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त मजा आली, खोटं कशाला बोलू? ते पाणी मी टपावरून हळू सोडलं, धार न तोडता. सगळं पाणी एका चादरीसारखं सरकत खाली गेलं, मागं उरले ते नुसते टपोरे थेंब, आणि ते वाळल्यावर एकही डाग नाही. एकही नाही! मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. त्यानंतर दर रविवारी दोन बादल्या ठरूनच गेल्या.

आता कमलमावशींचं सांगतो. त्यांच्यापर्यंत यायला मी उशीर लावला, हे माझ्याही लक्षात आलंय.

मावशी आमच्या गल्लीत तीन घरची धुणीभांडी करायच्या — काकूंकडं, आमच्याकडं आणि कोपऱ्यावरच्या घरी. हर्सूलच्या पुढच्या वस्तीतून दोन रिक्षा बदलून यायच्या. पौर्णिमेला विहारात जायचं असलं की तासभर आधी हजर व्हायच्या, पण खाडा करायच्या नाहीत. त्यांच्या वस्तीत टँकरचं गढूळ पाणी, म्हणून काकूंनीच सांगून ठेवलं होतं की जाताना ड्रममधून पाच लिटरचा एक कॅन भरून नेत जा. काकू वाईट नाहीत. मावशी रोज एक कॅन भरायच्या, वीट परत ठेवायच्या, आणि माझ्या गाडीजवळून जाताना कॅन दुसऱ्या हातात घ्यायच्या, घासू नये म्हणून. "दादा, तोंड दिसतंय की हिच्यात," असं एकदा थांबून म्हणाल्या होत्या. मला केवढं बरं वाटलं होतं! दिवसभर तेच आठवत होतो.

मग उन्हाळा लागला, नळ आणखी लांबला, आणि काकूंचा ड्रम पुरेना. अशाच एका रविवारी काकू फाटकाशी आल्या. बॉनेटवर वॅक्स लावून झालं होतं आणि मी ते धुरकट व्हायची वाट बघत होतो.

"अरे, तू सकाळचा इथंच असतोस. कमल एकच कॅन नेते ना रे?"

इथं जरा थांबतो. किती सोपं होतं! काकू, दोन बादल्या मी घेतो, चुकलं माझं — एवढंच. त्या रागावल्या असत्या, वर्षा आठवडाभर बोलली नसती, गल्लीत लोक हसले असते. गाडी धुताना बघून मुद्दाम पाण्याचं विचारलं असतं कुणी. याहून जास्त काय झालं असतं? काही नाही. मी बॉनेटकडं बघत म्हणालो, "कॅन भरताना दिसतात खऱ्या. एक का दोन, ते काही मी बघितलं नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तेच तर वाईट आहे. खोटं बोललो असतो तर निदान ते खोटं आहे हे तरी मला टोचलं असतं. काकू "हं" म्हणून गेल्या. वॅक्स वाळलं होतं, मी फडकं उचललं, आणि त्या दिवशी बॉनेट असं निघालं की समोरच्या घराची गच्ची, वाळत घातलेल्या चादरी, सगळं त्यात दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मावशींना नको सांगितलं. पाणी चोरते म्हणून. ते कोपऱ्यावरच्या घरी कळलं, त्यांनीही सोडलं. आमच्याकडं? वर्षा म्हणाली, शेजारी असं झाल्यावर आपण ठेवणं बरं दिसत नाही. मी मान डोलावली. दोन दिवसांत एका बाईची तिन्ही कामं गेली, आणि तिसरं माझ्या मानेनं गेलं.

जायच्या दिवशी मावशी माझ्यापाशी आल्या होत्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "दादा, तुमी तर हितंच असता. काकूला सांगा की, म्या कॅनच्या वर थेंब नेला नाय." मी म्हणालो, "सांगतो, मावशी." त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, हे मला स्पष्ट दिसलं.

सांगितलं का? नाही. उलट काय केलं ऐका. त्या गेल्यावर ड्रम तसाच आटत राहिला असता तर काकूंना कळलं असतं की चोर दुसराच आहे. म्हणून मी दोन बादल्या बंद केल्या. पूर्ण बंद. ड्रम पुरायला लागला. काकू सगळ्यांना सांगू लागल्या, बघा, कमल गेल्यापासून पाणी कसं पुरतंय! अजूनही सांगतात. माझ्यासमोर सांगतात, आणि मी "हो ना" म्हणतो.

आणि गाडीचं? त्याच पावसाळ्यात मला कळलं की एसीच्या नळीतून गळणारं पाणी एकदम हलकं असतं, त्यात क्षार नसतातच. माझ्याच खोलीच्या खिडकीखाली ते गळत होतं, भिंतीला शेवाळ आणत. रात्रभर बादली ठेवली की सकाळी निम्मी भरलेली. मी लागलीच गाडीवर ओतून पाहिलं — डाग नाही! मला इतका आनंद झाला की मी वर्षाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "हे आधी का नाही सुचलं?"

याला आता चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात सिल्लोडला भाचीच्या साखरपुड्याला एकटाच गेलो होतो. परत येताना, दुपारच्या उन्हात, रस्त्याकडेला एक बाई हात करत उभी. थांबलो. कमलमावशी! केस पिकलेले, गुडघ्याला पट्टा. त्यांनी आधी गाडी ओळखली, मग मला. "आजून नवीच हाय की, दादा," म्हणाल्या. आत बसताना चपला काढून हातात घेतल्या. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. आता मंगल कार्यालयात भांडी घासतात, लग्नसराईपुरतं काम. उस्मानपुऱ्यात नंतर कुणी ठेवलंच नाही, म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता.

मग खिडकीबाहेर बघत त्या बोलल्या. "चोर म्हणल्या त्याचं येवढं नाय, दादा. पैसं म्हणल्या असत्या, तर म्या भांडले असते. पाणी म्हणल्या. माज्या आज्यानं गावात पाण्यापायी मार खाल्लेला. मला तोंडातून शब्दच फुटंना."

मी बौद्ध वस्तीतली माणसं रोज कारखान्यात बघतो, त्यांच्यासोबत डबा खातो. पाण्याचा तो इतिहास शाळेत शिकलोय, परीक्षेत लिहिलाय. आणि तरी चार वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं की कुणावर काय आळ घेतला गेला. मी यावर काय बोललो असेन? त्यांना विचारलं, "एसी वाढवू का?" त्या नको म्हणाल्या.

हर्सूलला त्या उतरल्या. दार लावताना तळवा टेकला आणि धुळीत पंजा उमटला. "अगं बाई, डाग पडला," असं म्हणून त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि जोर लावून पुसलं. गोल गोल. कोरड्या धुळीवर, कोरड्या पदरानं. मला आतून नुसतं ओरडावंसं वाटलं — पुसू नका! आणि देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला त्यांची दया आली म्हणून नाही, रंग जाईल म्हणून. मावशी हसल्या, हात जोडले आणि लंगडत वस्तीकडं गेल्या. बोलायला अजूनही वेळ होता. मी काच खाली केली, त्या वळेपर्यंत बघितलं आणि काच वर घेतली.

घरी येऊन उन्हात पाहिलं. मागच्या दारावर, बरोबर हाताएवढ्या जागेत, बारीक ओरखड्यांचं गोल जाळं. रविवारी सकाळी सहाला एसीच्या पाण्यानं दार धुतलं, पॉलिश घेतलं, हलक्या हातानं सरळ रेषेत चोळत गेलो. पंधरा मिनिटं लागली असतील. मग वॅक्स दिलं, बॅटरी तिरपी धरून पाहिलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. जाळं गेलं होतं, पंज्याची खूणही नव्हती. आणि मला आनंद झाला — पोटातून, अगदी पहिल्या रविवारसारखा.