पानांचं भूत

त्या ऑक्टोबरात मी सकाळी उठायची तीच उरलेले दिवस मोजत. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. व्हिसा त्या नोकरीवर अवलंबून. दुसरी लवकर मिळाली नाही तर न्यू जर्सीतलं, पिस्कॅटवेचं भाड्याचं घर आवरून भारतात परतायचं, हे आम्हा दोघांना कळत होतं. मुलीसमोर आम्ही त्यातलं काही बोलत नव्हतो. ती पाच वर्षांची होती आणि तिच्या डोक्यात फक्त हॅलोविन होतं, भुताखेतांचे वेष करून दारोदार खाऊ मागायचा इथला सण.

दुकानातला ड्रेस आणायचा नाही, सजावट आणायची नाही, सगळं घरीच करायचं असं मी ठरवलं. तिला मात्र सांगितलं की या वर्षी आपण स्वतःच सगळं बनवणार आहोत, आणि ती इतकी खूश झाली की मलाच भरून आलं. रिकाम्या खोक्यांची आम्ही भुताची गुहा केली. जुन्या मोज्यांत कापूस भरून वटवाघळं केली. शेजारच्या काकूंनी त्यांच्या अंगणातला एक वाकडातिकडा भोपळा दिला, त्यावर तिने मार्करने दात काढले. काकू चाळीसेक वर्षांपूर्वी नागपूरहून इथे आलेल्या, निवृत्त डॉक्टर. त्यांना आमच्या घरातलं सगळं न सांगता कळलं असावं, कारण त्या रोज काही ना काही घेऊन यायच्या.

ड्रेसची कल्पना मुलीचीच. तिला पानांचं भूत व्हायचं होतं. बाबाचा जुना तपकिरी टीशर्ट घेऊन आम्ही घरासमोरच्या पायरीवर बसलो आणि त्यावर मेपलची, ओकची पानं गोंदाने चिकटवत गेलो. पानांना तोटाच नव्हता. आमच्याकडे त्या दिवसांत सगळे जण अंगणातली पानं ओढून रस्त्याच्या कडेला ढीग लावतात आणि टाउनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी येऊन ते उचलून नेते. आमच्या दारासमोरचा ढीग तिच्या डोक्याहून उंच झाला होता. संध्याकाळी ड्रेस घालून तिने आरशात पाहिलं आणि स्वतःलाच घाबरून हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आल्या आल्या तिने तो पुन्हा चढवला.

त्या दुपारी नवरा जवळच्या एडिसन गावी एका ओळखीच्या माणसाला नोकरीसंबंधी भेटायला गेला होता. मी भोपळ्याच्या बिया तिखटमीठ लावून ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. आम्ही दोघी पायरीवर बसून पानांचा मुकुट करत होतो, तेवढ्यात करपल्याचा वास आला. मी तिला तिथेच बस म्हणाले, आत गेले, ट्रे बाहेर काढला, खिडकी उघडली आणि परत आले. पायरीवर अर्धवट मुकुट होता. मुलगी नव्हती.

सुरुवातीला मी घाबरले नाही. हाक मारली. गुहेत वाकून पाहिलं, कपाटं उघडली, पलंगाखाली पाहिलं. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा माझा आवाज मलाच वेगळा वाटला. मागचं अंगण रिकामं होतं. मी धावत काकूंकडे गेले. तिथेही ती आली नव्हती. काकूंनी लगेच पायात चप्पल सरकवली आणि त्या त्यांचं बेसमेंट, गॅरेज बघायला गेल्या. मी रस्त्यावर आले. एक करडी गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली आणि त्या क्षणी नको नको ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

मग मला पानं उचलणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकू आला. तो बराच वेळ येत असणार. पुढे लोखंडी पंजा असलेलं यंत्र ढीग उचलत होतं आणि मागच्या ट्रकमध्ये टाकत होतं. पंजा मिटायचा, वर जायचा, उघडायचा. ते आमच्या शेजारच्या घराशी पोचलं होतं. मी आमच्या ढिगाकडे पाहिलं. पानं, नुसती पानं. आणि अचानक कळलं की ती त्यात असेल तर मला दिसणारच नाही. तिला तसं मीच नटवलं होतं.

मी कशी धावले ते आठवत नाही. मी दोन्ही हात वर करून यंत्रासमोर उभी होते आणि ओरडत होते ते मराठीत, "थांबा, माझी मुलगी आहे, थांबा!" चालकाला शब्द कळले नसतील, पण त्याने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, पिकल्या दाढीचा, थोराड माणूस. मी ढिगाकडे बोट दाखवून एवढंच म्हणू शकले, "माय डॉटर." त्याचा चेहरा उतरला. ट्रकवाल्याने दाताळं पुढे केलं, ते त्याने हाताने बाजूला सारलं आणि गुडघे टेकून तो नुसत्या हातांनी पानं उपसू लागला. मीही. वरची पानं कोरडी होती, आतली ओली, गार, जड. मी तिला हाका मारत होते आणि आतून काहीच येत नव्हतं.

त्याच्याच हाताला तिचा पाय लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं मला करू दिलं. मी तिला ओढून बाहेर काढलं. केसांत पानं, गालाला माती, डोळे उघडे. ती चिडली होती.

"आई, आय वॉज हायडिंग," ती म्हणाली. "यू रूइन्ड इट."

मी तिला इतकं घट्ट धरलं की ती दुखतंय म्हणून रडू लागली. यंत्राचा आवाज ऐकून ती आणखी आत सरकली होती, असं तिने नंतर सांगितलं. तिला वाटलं, मोठं भूत येतंय.

चालक रस्त्याच्या कडेला बसला. नखांतली माती काढत ढिगाकडे बघत राहिला. काकूंनी त्याला पाणी आणून दिलं आणि नकळत त्याची नाडी धरली. त्याला नातवंडं आहेत, एवढं तो बोलला. बऱ्याच वेळाने त्याने तो ढीग उचलला, आणि त्याआधी तो सगळा हातांनी उपसून पाहिला, मुलगी माझ्या कडेवर असतानासुद्धा.

हॅलोविनला ती काकूंच्या पांढऱ्या चादरीचं भूत होऊन हिंडली. मी सबंध वेळ तिचं मनगट धरून होते. नवऱ्याला पुढे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी नोकरी मिळाली आणि आम्ही इथेच राहिलो. त्या बातमीने तो रडला. मला मात्र हायसं वाटायला फार दिवस लागले, कारण त्या दुपारपासून माझी भीती नोकरीची राहिलीच नव्हती.

आता मुलगी मोठी झाली आहे. व्हिडिओ कॉलवर ती आजीला ही गोष्ट रंगवून सांगते, पंजाचा आवाज काढून दाखवते, आणि आजी नाशकात पोट धरून हसते. मी तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून उगाच भांडी धूत उभी राहते.