महाराजांचा भाग तेवढा काढा

मंडळी, रविवारचं माझ्या फिल्मचं स्क्रीनिंग रद्द झालंय. का, ते सांगते.

गेल्या वर्षी कलाकारांनी राहून काम करायच्या रेसिडेन्सीसाठी मी पोलंडला होते. तिथे चर्चबाहेर एक आजी रडताना दिसल्या. घटस्फोट घेतलेल्या मुलीशी बोलायचं नाही, असं फादरनी त्यांना बजावलं होतं आणि त्या ते पाळत होत्या. मला आपल्याकडच्या किती बायका आठवल्या. तिथेच मी कोळशाने चित्रं काढायला घेतली. लोक वाकतात, तशी समोरची खुर्ची उंच होत जाते. खुर्चीत आधी फादर असतात, मग मठातले महाराज, मग विहारातले भन्ते. त्या चित्रांचीच ही ॲनिमेशन फिल्म झाली.

आज सकाळी आयोजकांचा फोन आला. "मॅडम, फादर, भन्ते राहू देत. महाराजांचा भाग तेवढा काढा. उगाच वाद नको."

"अहो, मग ती फक्त दुसऱ्यांची गोष्ट होईल. काढणार नाही."

"मग आमचा नाइलाज आहे."

दुपारी खडकीला जाऊन बाबांना फिल्म दाखवली. आमचं घर बौद्ध, बाबा नियमाने विहारात जाणारे. पडद्यावर भन्ते आले तेव्हा मी फिल्म सोडून बाबांकडेच बघत होते.

"विहारात मला लोक विचारतील," फिल्म संपल्यावर बाबा म्हणाले.

"हो."

"विचारू देत. आपल्यांना वगळलं असतंस, तर मीच दाखवू नको म्हटलं असतं."

आता ही फिल्म मी दाखवणारच, आणि अख्खी दाखवणार. पुण्यात कुणाकडे हॉल, गच्ची किंवा नुसती एक पांढरी भिंत आहे का?