न विकलेला पालक

भाजीवाल्या मावशींचा मळा बॅटऱ्या फोडायच्या शेडमागे आहे. शेड कधीच बंद पडली, पण पावसाचं पाणी अजून तिकडूनच मळ्यात उतरतं. मावशी काटेकोर. एक पान किडकं दिसलं तरी अख्खी जुडी सोडून पुन्हा बांधतील. माझी धाकटी त्यांच्याच पालकावर वाढली. "हिच्या गालांत अर्धा वाटा माझा," असं त्या मला येता-जाता ऐकवायच्या.

मग माती तपासणारे आले. मातीत शिसं निघालं, पानांतही. विकू नका, एवढं सांगून ते गेले. दुसरी कुणी असती तर लांबच्या बाजारात माल खपवून मोकळी झाली असती. मावशींनी दारोदार जाऊन स्वतःच सांगितलं. मी धाकटीचं रक्त तपासून घेतलं. शिसं जास्तच होतं. पालक बंद झालाय, आता हळूहळू उतरेल, असं डॉक्टर म्हणाले.

उतरलं तर नाहीच, थोडं वाढलं. मी भांडी बदलली, खेळणी फेकली, नळाकडेही संशयाने बघू लागले. नवरा म्हणाला, आता भिंती तेवढ्या उकळून घे.

मावशींच्या मनाला मात्र ते लागून राहिलं होतं. पालक बंद झाल्यापासून रोज सकाळी त्या धाकटीसाठी घरच्या गाईचं दूध आणून देत, पैसे घेत नसत. एकदा किटली घेता घेता मी सहज विचारलं, उभ्या पालकाचं काय करता?

"फेकवत नाही गं. माणसाच्या तोंडी नको म्हणून गाईला घालते."

किटली माझ्या हातातच राहिली. पानातलं गाईत आणि गाईतलं दुधात उतरतं, हे सांगताना माझा आवाज चढला असावा. त्या खाली बसल्या.

"गाईच्या पोटात सगळं जिरतं असं वाटलं मला. माझा नातूही हेच पितो."

नातवाचा आकडा धाकटीपेक्षा जास्त आला. आता दोघांचेही उतरू लागलेत. तरी प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी मला घास जात नाही.

गाईला गिऱ्हाईक आलं होतं. मावशींनी परत पाठवलं. दूध कुणाच्या तरी पोराच्या पोटात जाणारच ना, म्हणाल्या. आता विकतचा चारा घालतात, धार काढतात आणि ओतून देतात. काल मी विचारलं, कुठे ओतता? त्यांनी मळ्याकडे बोट दाखवलं, आणि ते बोट तसंच राहिलं. शेजारीच मळ्याला खत म्हणून साठवलेला शेणाचा ढीग होता.